एडिंबरा किल्ल्यातील सेंट मार्गारेट चॅपेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चॅपेल नेमके कुठे आहे आणि केवढे आहे?

स्कॉटलंडची राजधानी असलेल्या एडिंबरा शहराच्या मध्यभागी एका मृत ज्वालामुखीच्या गळ्यात थिजलेल्या खडकाचा सुळका उभा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १३० मीटर उंचीच्या या खडकावर एडिंबराचा किल्ला वसलेला असून त्याच्या अगदी माथ्यावर हे चॅपेल आहे. बाहेरून ते एखाद्या दगडी कोठीघरासारखे दिसते. त्याला मनोरा नाही, घुमट नाही, दर्शनी भिंतीवर मूर्ती नाहीत. आत वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसू शकतात. किल्ल्यातील राजवाडा, मोठा दरबार आणि युद्धस्मारक पाहून आलेले पुष्कळसे पर्यटक त्याला पहारेकऱ्याची खोली समजून पुढे निघून जातात. प्रत्यक्षात किल्ल्यातलीच नव्हे, तर संपूर्ण एडिंबरा शहरातली आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत हीच आहे. तिचा काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध, साधारणतः ११३० च्या आसपासचा मानला जातो.

चॅपेल म्हणजे चर्चच ना? मग वेगळा शब्द कशासाठी?

प्रार्थनास्थळ म्हणून दोन्हींचा उपयोग सारखाच, पण चर्च हे गावाचे किंवा वस्तीचे असते आणि चॅपेल बहुधा एखाद्या घराण्याचे, संस्थेचे किंवा वाड्याचे असते. आपल्याकडे गावाचे देऊळ आणि वाड्यातले देवघर यांत जो फरक आहे, साधारण तसाच हा फरक म्हणता येईल. सेंट मार्गारेट चॅपेल हे राजघराण्याचे खाजगी देवघर होते. राजा, राणी, मुले आणि जवळची चार माणसे एवढ्यांनाच तेथे जागा हवी होती, म्हणून ते लहान आहे. किल्ल्यात राहणाऱ्या इतरांसाठी सेंट मेरीचे मोठे चर्च जवळच होते. ते पुढे नाहीसे झाले आणि आज त्या जागेवर स्कॉटलंडचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे.

मार्गारेट कोण होत्या?

मार्गारेट या इंग्लंडच्या जुन्या सॅक्सन राजघराण्यातल्या. त्यांचे वडील परागंदा असल्यामुळे त्यांचा जन्म १०४५ च्या सुमारास हंगेरीत झाला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा गादीवर हक्क सांगू शकणारे त्यांचे बंधू एडगर आणि उरलेले कुटुंब यांना देश सोडून स्कॉटलंडचा आश्रय घ्यावा लागला. तेथे १०७० च्या सुमारास राजे तिसरे माल्कम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सहा मुलगे आणि दोन मुली झाल्या. त्यांपैकी एडगर, पहिला अलेक्झांडर आणि पहिला डेव्हिड हे तिघे पाठोपाठ स्कॉटलंडचे राजे झाले, तर एक मुलगी इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीची राणी झाली.

त्यांचे चरित्र टर्गो नावाच्या धर्मगुरूंनी त्यांच्या मुलीसाठी लिहिले. गरिबांना जेवू घातल्याशिवाय स्वतः न जेवणाऱ्या, ग्रंथ वाचणाऱ्या आणि चर्चमधील प्रथांना शिस्त लावणाऱ्या राणी अशी त्यांची प्रतिमा मुख्यतः याच चरित्रातून आपल्यापर्यंत आली आहे. आईबद्दल मुलीला वाचायला द्यायचे पुस्तक गुणगानाकडे झुकणार, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागते. १३ नोव्हेंबर १०९३ रोजी माल्कम आणि मार्गारेट यांचा थोरला मुलगा इंग्लंडच्या सीमेवर अ‍ॅल्निक येथे मारले गेले. आधीच आजारी असलेल्या मार्गारेट यांना ही बातमी एडिंबराच्या किल्ल्यात समजली आणि १६ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. त्या वेळी गादीसाठी निघालेल्या दिराच्या फौजेचा किल्ल्याला वेढा पडला होता आणि अचानक दाटलेल्या धुक्याच्या आडून राणीचा देह पश्चिमेच्या बाजूने बाहेर काढून डनफर्मलिनला नेण्यात आला, अशी कथा पुढच्या काळातील इतिवृत्तकारांनी नोंदवली आहे. एडिंबराचे धुके ज्याने अनुभवले आहे, त्याला या कथेतील चमत्कार फारसा मोठा वाटणार नाही. १२५० मध्ये रोमच्या पोपनी मार्गारेट यांना संतपद दिले.

मग हे चॅपेल मार्गारेट राणींनीच बांधले का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. राणी याच खोलीत गुडघे टेकून प्रार्थना करीत आणि येथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला, असे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. इमारतीची घडण मात्र वेगळे सांगते. आतल्या कमानीवरचे कोरीवकाम, खांबांची शीर्षे आणि गाभाऱ्याचा आकार हे सारे राणींच्या मृत्यूनंतर एका पिढीने रूढ झालेल्या शैलीचे आहे. म्हणून आजचे अभ्यासक हे बांधकाम त्यांचे धाकटे चिरंजीव राजे पहिले डेव्हिड (कारकीर्द ११२४ ते ११५३) यांचे मानतात.

डेव्हिड यांचे तारुण्य बहिणीच्या सासरी, इंग्लंडच्या दरबारात गेले होते. तिकडची नॉर्मन वास्तुशैली, मठ आणि कारभाराच्या पद्धती त्यांनी स्कॉटलंडमध्ये आणल्या. ११२८ मध्ये त्यांनी एडिंबरालाच होलिरूडचा मठ स्थापला आणि आईचे दफन जेथे झाले होते त्या डनफर्मलिनला मोठ्या मठाचा दर्जा देऊन तेथे नवे चर्च उभारायला घेतले. डनफर्मलिनच्या खांबांवर खोदलेल्या नागमोडी रेघा पाहिल्या की उत्तर इंग्लंडमधील डरॅम कॅथेड्रलच्या गवंड्यांची आठवण होते आणि त्याच धाटणीची नक्षी या चॅपेलमधल्या कमानीवरही आहे. तेव्हा आईची आठवण म्हणून मुलाने बांधलेले देवघर असे याचे वर्णन करणे पुराव्याला धरून होईल. माझ्या मते ही हकिकत मूळ दंतकथेपेक्षा कमी हृद्य नाही.

हे चॅपेल प्रारंभी सुटे उभे नसावे, तर राजाच्या निवासी बुरुजाचा किंवा मोठ्या इमारतीचा भाग असावे, असेही काही पुरातत्त्वज्ञांचे मत आहे. बाहेरच्या भिंतींचा रूक्षपणा पाहता ते पटण्यासारखे आहे.

आत गेल्यावर प्रथम काय पाहावे?

कमान पाहावी. आत पाऊल टाकल्यावर उजेड कमी असतो आणि डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग लक्षात येते की ही एक खोली नसून दोन भाग आहेत. पश्चिमेचा लांबट चौकोनी भाग उपासकांचा, म्हणजे आपल्या भाषेत सभामंडप, आणि पूर्वेचा लहान, अर्धवर्तुळाकार भाग वेदीचा, म्हणजे गाभारा. या दोहोंच्या मध्ये जी भिंत आहे तिला पाडलेली अर्धवर्तुळाकार कमान हे या वास्तूचे सर्वस्व आहे.

कमानीच्या दगडांवर एका शेजारी एक अशा नागमोडी ओळी कोरलेल्या आहेत. मुलांनी पाटीवर डोंगर काढावेत तशी ती नक्षी वर-खाली, वर-खाली करीत संपूर्ण अर्धवर्तुळ फिरून दुसऱ्या बाजूला उतरते. हे काम जवळून पाहिले तर त्यातली युक्ती कळते. कमान पाचरीच्या आकाराच्या सुट्या दगडांची बनलेली असते आणि प्रत्येक दगडावर नक्षीचा ठरावीक तुकडा आधी खाली बसून कोरता येतो. तुकडे जाग्यावर बसले की रेघ आपोआप जुळते. मापात थोडी चूक झाली तर ती शेवटच्या दगडापाशी उघडी पडणार, म्हणून ही नक्षी दिसायला सोपी असली तरी गवंड्याची परीक्षा पाहणारी आहे. कमान दोन्ही बाजूंना ज्या बारीक गोल खांबांवर टेकते, ते खांब बहुधा नंतर बदललेले आहेत. त्यांच्या डोक्यावरची स्तंभशीर्षे मात्र पाहण्यासारखी आहेत. उशीवर वजन ठेवल्यावर तिच्या कडा जशा खाली गोलावतात, तसा चौकोनी दगड खालच्या बाजूला गोल केलेला असतो. वरचा चौकोन आणि खालचा गोल खांब यांची गाठ घालण्याचा नॉर्मन कारागिरांचा हा आवडता उपाय होता.

मूर्ती, फुले-पाने, राक्षसमुखे यांपैकी काहीही येथे नाही. गॉथिक शैलीची टोकदार कमान, उंच खिडक्या आणि काचांचा झगमगाट हे सारे यानंतरचे. चॅपेल ज्या शैलीचे आहे तिला रोमनेस्क म्हणतात. जाड भिंती, लहान खिडक्या आणि अर्धवर्तुळाकार कमानी ही तिची ओळख होय. भिंत जाड, कारण छताचा भार तीच पेलते, आणि खिडकी लहान, कारण मोठे भोक पाडले तर ती भिंत दुबळी होते.

गाभारा आतून गोल आहे, तर बाहेरून तो तसा का दिसत नाही?

लक्षपूर्वक पाहणाऱ्यांनाच हा प्रश्न पडतो. सामान्यतः अशा चर्चचा पूर्वेकडील अर्धगोल भाग बाहेरूनही फुगीर दिसतो. येथे मात्र बाहेरचा कोपरा सरळ काटकोनात आहे आणि आतले अर्धवर्तुळ जाड दगडी बांधकामाच्या पोटात दडलेले आहे. चॅपेल मोठ्या इमारतीचा भाग असावे, या तर्काला यामुळे बळ मिळते.

कार्ले किंवा भाजे येथील चैत्यगृहे पाहिलेल्या मराठी वाचकाला हा मागचा अर्धगोल आणि वरचे गजपृष्ठाकार छत ओळखीचे वाटेल. पण हे साम्य दिसण्यापुरतेच आहे. तेथे अखंड कातळ कोरून आकार काढला आहे आणि येथे दगडावर दगड रचून. शिवाय दोहोंच्या मध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे.

१३१४ मध्ये किल्ला पाडला गेला, तरी हे चॅपेल कसे वाचले?

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यातील स्वातंत्र्ययुद्धांत हा किल्ला अनेकदा हस्तांतरित झाला. मार्च १३१४ मध्ये तो इंग्रजांकडे असताना स्कॉटलंडचे राजे रॉबर्ट ब्रूस यांचे पुतणे टॉमस रँडॉल्फ यांनी जेमतेम तीस माणसे घेऊन रात्री उत्तरेचा कडा चढून तो काबीज केला. वाट दाखवणारा माणूस पूर्वी किल्ल्यातच राहिलेला होता. कोंढाण्याची हकिकत ऐकत वाढलेल्या आपल्याला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. पुढची गोष्ट मात्र वेगळी आहे. किल्ला पुन्हा शत्रूच्या हाती पडला तर त्याच्या उपयोगी येऊ नये म्हणून ब्रूस यांनी तो राखण्याऐवजी पाडून टाकण्याचा आदेश दिला. त्यातून चॅपेल तेवढे वगळण्यात आले. पुढे १३२९ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी चॅपेलच्या दुरुस्तीसाठी चाळीस पौंड देवविले, असेही सांगितले जाते. संत राणीचे स्थान म्हणून ते वाचले, हे खरेच. पण भिंतींचे एवढेसे चौकोनी खोके लष्करी दृष्टीने कोणाच्या कामाचे नव्हते, हेही तितकेच खरे असावे.

प्रार्थनास्थळात बंदुकीची दारू साठवली होती, हे खरे आहे का?

होय. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमध्ये संतांची उपासना बंद पडली. संताच्या नावाचे राजघराण्याचे चॅपेल निरुपयोगी झाले आणि किल्ल्याच्या तोफखान्याला जाड भिंतींची, लहान खिडक्यांची, कोरडी खोली हवीच होती. सोळाव्या शतकातच येथे दारूचे कोठार झाले. वरून गोळा पडला तरी आत ठिणगी जाऊ नये म्हणून मोठ्या भागावर भक्कम गोल छत घालण्यात आले आणि अठराव्या शतकात उत्तरेच्या बाजूला आणखी एक बांधकाम चिकटवले गेले.

ही विटंबना होती, अशी हळहळ अनेक जण व्यक्त करतात. मला उलट वाटते. १५७१ ते १५७३ या काळात किल्ल्याला जो दीर्घ वेढा पडला, त्यात डेव्हिडचा बुरूज म्हणून ओळखला जाणारा (हे डेव्हिड म्हणजे पुढच्या काळातले दुसरे डेव्हिड) उंच मनोरा तोफांनी जमीनदोस्त झाला. प्रतिष्ठेच्या इमारतींवर तोफा डागल्या जातात, आणि शांततेच्या काळात त्या नव्या पद्धतीने बांधल्याही जातात. चालू वापरातले कोठार मात्र कोणी पाडत नाही. पावणेतीनशे वर्षे लोकांना या इमारतीचा विसर पडला होता, म्हणूनच कमान आपल्यापर्यंत पोहोचली.

मग हे चॅपेल आहे, हे पुन्हा कोणाच्या लक्षात आले?

डॅनियल विल्सन या पुरातत्त्वज्ञाच्या, १८४५ मध्ये. विल्सन हे मूळचे एडिंबराचेच. जुन्या शहरातील इमारतींची रेखाटने आणि नोंदी करीत ते हिंडत असत. कोठाराच्या आत त्यांना कमान आणि गाभारा ओळखू आला. पुढे राणी व्हिक्टोरिया यांच्या पाठिंब्याने १८५१-५२ मध्ये जीर्णोद्धार झाला. इतिहासपूर्व काळासाठी वापरला जाणारा ‘प्रीहिस्टॉरिक’ हा शब्द इंग्रजीत रुळवण्याचे श्रेयही याच विल्सन यांना दिले जाते. १८५३ मध्ये ते कॅनडात टोरंटोला प्राध्यापक म्हणून गेले आणि तिकडचेच झाले.

त्यानंतरही किरकोळ दुरुस्त्या चालू राहिल्या. १९३४ मध्ये विधिपूर्वक पुनःसमर्पण होऊन चॅपेल पुन्हा उपासनेसाठी खुले झाले आणि १९९३ मध्ये राणींच्या निधनाला नऊशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा आतल्या साहित्याचे नूतनीकरण करण्यात आले.

आज दिसते त्यापैकी मूळ बाराव्या शतकातील किती?

जीर्णोद्धार झालेल्या कोणत्याही वास्तूला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कमान आणि अर्धगोल गाभारा हा मूळ ऐवज आहे. भिंतींचाही बराचसा भाग जुना आहे आणि त्यात दक्षिणेची भिंत विशेष. सभामंडपावरचे गोल छत नंतरचे. आपण ज्या दारातून आत जातो ते उत्तरेचे दार बाराव्या शतकाचे वाटावे अशा बेताने एकोणिसाव्या शतकात घडवलेले आहे आणि छायाचित्रांत तेच सर्वाधिक येते. त्या काळातील जीर्णोद्धारकांना जुने आणि जुन्यासारखे यांतला फरक राखण्याची फारशी फिकीर नव्हती. आज असे काम करताना नवा दगड नवा म्हणून ओळखता यावा, याची काळजी घेतली जाते.

खिडक्यांमधील रंगीत काचा मध्ययुगीन आहेत का?

नाहीत. पाच लहान खिडक्यांतील काचचित्रे डग्लस स्ट्रॅकन यांनी १९२२ मध्ये केलेली आहेत. त्यांत संत अँड्र्यू, संत निनियन, संत कोलंबा आणि संत मार्गारेट हे चौघे आहेत आणि पाचवी व्यक्ती आहे विल्यम वॉलेस, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेला आणि १३०५ मध्ये लंडनमध्ये देहदंड भोगलेला योद्धा. वॉलेस हा संत नव्हे, आणि चॅपेलच्या भिंतीत त्याला जागा मिळावी यात पहिल्या महायुद्धानंतरच्या स्कॉटलंडची मनःस्थिती दिसते. शेजारच्या युद्धस्मारकातील काचचित्रेही याच स्ट्रॅकन यांची आहेत. दुपारी ऊन असेल तर निळा-लाल उजेड समोरच्या भिंतीवर उतरतो.

तेथे ठेवलेले पुस्तक कोणते?

ती राणींच्या स्वतःच्या शुभवर्तमान-ग्रंथाची, म्हणजे बायबलमधील येशूचे जीवन सांगणाऱ्या भागांच्या पोथीची, प्रतिकृती आहे. टर्गो यांच्या चरित्रात या ग्रंथाची एक गोष्ट येते. ग्रंथ घेऊन जाणारा सेवक नदी ओलांडत असताना तो कापडाच्या घडीतून निसटून पाण्यात पडला आणि त्याला पत्ताही लागला नाही. पुढे शोध घेतला तेव्हा तो नदीच्या तळाशी उघडा पडलेला सापडला. प्रवाहाने पाने उलटत होती, पण शाई पुसली गेली नव्हती. टोकाच्या पानांवर तेवढा ओलाव्याचा डाग राहिला होता.

एवढ्यावर ही आख्यायिका म्हणून सोडून देता आली असती. पण १८८७ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने लिलावातून अवघ्या सहा पौंडांना एक छोटी लॅटिन पोथी विकत घेतली. ती कोणाची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. पोथीच्या आरंभी लिहिलेल्या एका कवितेत पाण्यात पडून वाचलेल्या ग्रंथाची हीच हकिकत होती आणि पानांवर डागही होते. मूळ पोथी आजही ऑक्सफर्डलाच आहे.

वेदीजवळ नेहमी ताजी फुले असतात. ती कोण ठेवते?

मार्गारेट नावाच्या स्त्रिया. १९४२ मध्ये चॅपेलची देखभाल करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि तेव्हापासून स्कॉटलंडमधील मार्गारेट नावाच्या स्त्रिया आळीपाळीने फुलांची सेवा करतात. नावाचे ऋण फेडण्याची ही पद्धत फारच साधी आणि देखणी आहे.

येथे आजही विवाह किंवा बाप्तिस्मा होतो का?

होतो. मात्र जागा पाहता पाहुण्यांची यादी पंचविसाच्या आतच ठेवावी लागते. आपल्याकडच्या यजमानांना हे जमणे कठीण आहे.

चॅपेलसमोरची प्रचंड तोफ कोणती?

तिचे नाव मॉन्स मेग. ती १४४९ मध्ये आजच्या बेल्जियममधील मॉन्स येथे तयार झाली आणि १४५७ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने ती स्कॉटलंडचे राजे दुसरे जेम्स यांना भेट दिली. लोखंडी पट्ट्या एकमेकींना जोडून त्यांवर कड्या चढवून तिची नळी केलेली आहे आणि तिच्यातून सुमारे दीडशे किलो वजनाचा दगडी गोळा उडत असे. १६८१ मध्ये सलामी देताना नळी फुटली, ती जागा आजही दिसते. देवघराच्या दारात तोफ ठेवण्यामागे कसलाही धार्मिक हेतू नाही. माथ्यावर मोकळी सपाट जागा तेवढीच आहे.

या परिसराचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

चॅपेलचा नाही, पण किल्ल्याच्या दारातल्या एका स्मारकाचा आहे. किल्ल्यात शिरण्यापूर्वी जे मोठे पटांगण लागते, तेथे ७८ व्या हायलँडर्स पलटणीचा दगडी क्रूस उभा आहे. १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या त्या पलटणीच्या सैनिकांचे हे स्मारक असून त्यावर हत्ती कोरलेला आहे. हा हत्ती त्या पलटणीला मिळाला तो आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईबद्दल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा आर्थर वेलस्ली यांनी तेथे पराभव केला आणि त्या लढाईत ही पलटण होती. चॅपेलकडे जाताना मराठी माणसाने या हत्तीपाशी क्षणभर थांबावे.

पाहण्यासाठी कोणती वेळ सोयीची?

चॅपेलला वेगळे तिकीट नाही. ते किल्ल्याच्या तिकिटातच येते. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून दररोज दुपारी एक वाजता किल्ल्यावरून वेळेची तोफ उडते आणि त्याआधी बहुतेक पर्यटक तिकडे गोळा होतात. त्या वेळी तोफेकडे न जाता चॅपेलमध्ये शिरावे. आत बसायला बाके आहेत आणि कमान निवांत पाहता येते. बाहेर पडताना मात्र डोके सांभाळावे आणि तोफेच्या आवाजाला दचकण्याची तयारी ठेवावी.